अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या पियानोची व्यवस्था

मी, महेंद्र सावळाराम ओव्हाळ, वय सहासष्ट, रेल्वेतून निवृत्त पॉइंट्समन, राहणार दौंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस पाडलेले नाही. पत्नी ललिता हयात नाही. मुलगा नागसेन व मुलगी गौतमी हे दोघेच वारस.

कलम एक. राहते घर व पोस्टातली ठेव दोघांना समान. नागसेनला घर विकायचे झाल्यास आधी बहिणीला विचारावे.

कलम दोन. माझी पेटी शिरूरच्या खंडू गायकाला द्यावी. पंचवीस वर्षे भीमजयंतीला मी त्याला साथ केली. तो सुरुवातीलाच फार वरचा सूर धरतो आणि तिसऱ्या कडव्याला घसरतो. हे त्याला कोणी सांगितले नाही. येथे सांगत आहे.

कलम तीन. डिजिटल पियानो.

१९९९ साली मागच्या खोलीत रेकॉर्डिंग सुरू करायचे ठरले. ललिता आणि मी पुण्याला गेलो. दुकानदाराने एकसष्ट पट्ट्यांचा हलका कीबोर्ड दाखवला. ढोलकी, बासरी, सगळे त्यात. गायनपार्टीवाले हाच नेतात, म्हणाला. ललिताने कोपऱ्यातल्या पियानोची एक खालची पट्टी दाबली आणि आवाज विझेपर्यंत बोट उचलले नाही. ह्याचं वजन बोटाला लागतं, म्हणाली. आम्ही अठ्ठ्याऐंशी जड पट्ट्या घेतल्या.

ती चूक होती. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो. मी उजव्या हाताने वाजवी आणि डाव्याने हवेत भाता मारी. शेजारची अनसाबाई खिडकीतून हसे. डावीकडच्या पट्ट्यांवरची धूळ तेवढी ललिता पुसे. मग चौदा वर्षांची गौतमी माझ्या डाव्या बाजूला येऊन बसू लागली. चार वर्षे आम्ही दोघांनी मिळून एक पियानो वाजवला. ती वाजवी ते मला कधी जमले नाही.

२००३ साली आमची कॅसेट निघाली. वर छापले होते: संगीत, महेंद्र ओव्हाळ.

गौतमी म्हणाली, "आबा, डावा हात माझा हाय."

मी म्हणालो, "पेटीवाल्याला डावा हात नसतो."

वाक्य मला तेव्हा आवडले होते. ती पुन्हा पियानोला बसली नाही. ललिता गेली तेव्हा दोन दिवस राहिली, पण मागच्या खोलीत आली नाही. कॅसेटवर तिचे नाव हवे होते, हे मी लिहून देतो.

नागसेन म्हणतो, हा पियानो कसला, पलंग आहे, विका, पट्ट्यांचा छोटा कंट्रोलर घ्या, आवाज कॉम्प्युटरमधून येतो, जागाही सुटते. त्याचे खरे आहे. कॉम्प्युटर, माइक, मिक्सर त्याला द्यावेत. पियानो माझ्यानंतर गौतमीला.

दुरुस्ती. वरील मजकूर काल गौतमीला फोनवर वाचून दाखवला. ती तळेगाव ढमढेऱ्याला शिक्षिका आहे. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "मेल्यावर देणार व्हय आबा? मंग मी काय तुमच्या मरायची वाट बघत बसू?"

म्हणून कलम तीनमधील पियानोचा भाग रद्द. पियानो मी आज हयातीतच गौतमीला दिला आहे. तो माझ्या मालमत्तेत धरू नये. रविवारी टेम्पो येईल. स्टुलं दोन पाठवा, असे तिने सांगितले आहे.

महेंद्र सावळाराम ओव्हाळ (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. दादा जगताप (सही)
२. सुलक्षणा भालेराव (सही)

दौंड, २४ नोव्हेंबर २००९