ओल्या फडक्याने निघालेलं लेबल

२९ सप्टेंबर, सोमवार
उपवासाचा आठवा दिवस. भगर संपली, उद्या आणणे. अखंड दिवा नीट आहे, वात एकदाच सारली.
ह्यांना कंपनीत नवे वॉकीटॉकी मिळाले. बारा सेट. जुने सगळे काढून घेतले. सेफ्टीचे गोसावी साहेब म्हणाले म्हणे, निम्म्या किमतीत आणले, काम तेच. मी म्हटलं, शहाणा माणूस दिसतो. हे म्हणाले, "फार हलके आहेत गं." हलकं तर बरंच की, दिवसभर कमरेला अडकवायचं.

१ ऑक्टो., बुधवार. खंडेनवमी
विळी, अडकित्ता, शिलाई मशीन, मुक्ताचा शाळेतला कंपास आणि ह्यांचा सेट. ह्यांच्या थिनर भरायच्या शेडमध्ये निरांजन-उदबत्ती कुठली, काडेपेटीसुद्धा गेटवर काढून घेतात. म्हणून दर वर्षी सेट पूजेला घरी येतो. नव्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. हात जुन्याच्या सवयीचा. त्याच्या पाठीवर पत्र्याची पट्टी होती, अक्षरं कोरलेली. अकरा वर्षांचं कुंकू त्या खाचांत बसलं होतं. ह्याच्यावर तसलीच अक्षरं छापलेलं नुसतं चकचकीत लेबल.

३ ऑक्टो., शुक्र.
ह्यांच्या पाळीआधी सेट पुसायला घेतला. ओलं फडकं, साबणसुद्धा नाही. लेबल फडक्याबरोबर आलं. खाली काही नाही. काळं प्लास्टिक.
वाटलं, माझ्याच हातून काही झालं. ह्यांना दाखवलं. चहा तसाच राहिला. मग अकरा वर्षांत मी जे विचारलं नव्हतं ते सांगितलं. ड्रम भरताना थिनरची वाफ शेडभर असते. साधा सेट हातातून पडला, बॅटरी हलली, तर बारीक ठिणगी उडू शकते. जुन्या पट्टीचा अर्थ असा, की सेटची बांधणीच तशी आहे, आत ठिणगी झालीच तरी वाफ पेटवायची ताकद तिच्यात नाही.
"आणि ह्याच्यात?"
"काय माहीत."
सेट उलटसुलट करून बघितला. मग, "फेव्हिकॉल आहे का गं घरात?"
मी नाही म्हणाले. होता.
"नोकरीची दोन वर्षं राहिलीत माझी. उगाच कशाला..." वाक्य अर्धंच टाकून सेट घेऊन गेले. मला अडवता आलं नाही. परत येईपर्यंत घरात कशातच लक्ष नाही. नऊ दिवस दिवा विझू नये म्हणून जपला, आणि आज...
लेबल मागत होते, दिलं नाही. ह्या पानात ठेवलंय.

४ ऑक्टो., शनि.
मुक्ताला लेबलचा फोटो पाठवला होता. हिंजवडीहून तिचा फोन. "आई, ह्या नंबरचं सर्टिफिकेट शोधलं मी. ते दुसऱ्याच मॉडेलचं आहे. टोटली फेक. बाबांना तो आत नेऊ देऊ नकोस."
ह्यांनी फोन घेतला. "तुमच्या ऑफिसात एसी बंद पडला तरी तक्रार करता तुम्ही. इथे तसं नसतं."
"बाबा, एसी बंद पडून कोणी जळत नाही."
फोन ठेवला. आमटीत मीठ राहिलं होतं, तशीच जेवले.

६ ऑक्टो., सोम. कोजागरी
"सेट कुठाय?"
"तांदळाच्या डब्यात. हवा असेल तर गोसावी साहेबांना न्यायला पाठवा."
बसची वेळ झालेली, हे सेटशिवायच गेले.
दहाला साहेबांचा फोन. "वहिनी, कंपनीची वस्तू आहे ती. पूजाबिजा करून लेबल खराब केलंत तुम्ही."
"अकरा वर्षं केली. जुन्याचं काही बिघडलं नाही."
"तुम्हाला यातलं कळत नाही."
"नाही कळत. दहावीच झालेय. बाकीच्या अकरा सेटांवरून ओलं फडकं फिरवून बघा की. फडकं नसेल तर मी घेऊन येते."
त्यांनीच ठेवला. तेवढ्यात रात्रीसाठी आटवत ठेवलेलं मसाल्याचं दूध उतू गेलं. जाऊ दे.

८ ऑक्टो., बुध.
इर्शादभाई घरी आले. ते पंपापाशी, हे ड्रमपाशी, मधे भिंत. एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून तर सेट. पंप थांबवायला एका क्षणाचा उशीर झाला तर ड्रम वाहतो.
"वहिनी, तुमचं फडक्याचं बोलणं शेडभर झालं. मग मी रुमाल ओला केला." खिशातून लेबल काढून समोर ठेवलं. आमचं धरून नऊ निघाली. तिघांनी पुसूनच बघितलं नाही. "डर लगता है, बोले."
कालपासून कोणी सेट आत नेत नाही. भिंतीच्या कोपऱ्यावर एक माणूस उभा करून हातवारे. काम निम्म्यावर आलंय. साहेब ओरडतात. ओरडू देत.
हे इर्शादभाईंना म्हणाले, "घरात फरशी पुसायला लावते, आता कंपनीतही पुसायला लावलं." पाच दिवसांनी हसले.

१३ ऑक्टो., सोम.
साहेबांनी टाईप केलेला कागद दिलाय ह्यांना. 'सेट घरी नेल्यामुळे व ओल्या कपड्याने पुसल्यामुळे लेबल निघाले. नवीन लेबल लावून सेट वापरण्यास माझी हरकत नाही.' शुक्रवारपर्यंत सही, नाहीतर गेटच्या आत यायचं नाही.
मी म्हटलं, "हरकत माझी आहे."
"नोकरी तुझी नाहीये."
लागलं. खरंही आहे.
मी देवीपुढे बसले. इतकी वर्षं ओटी भरताना मागत काय आले? ह्यांना सांभाळ, एवढंच. तिने सांभाळलं, तिच्याच कुंकवाने दाखवून दिलं. आता ते मी फेव्हिकॉलने झाकू? नाही.

१५ ऑक्टो., बुध.
सरकारी कारखाना तपासणी कार्यालयाला अर्ज लिहिला. ह्याच वहीचं मागचं पान. 'लेबल ओल्या फडक्याने निघाले. खाली काही नव्हते. नऊ सेट असे आहेत. तपासून खात्री करावी.' खाली नाव माझं, ह्यांचं नाही.
ह्यांनी वाचला. पेन मागितलं. वाटलं, फुली मारतात. 'नऊ' खोडून लिहिलं, 'बारा सेट आहेत. नऊ पुसून पाहिले.' मग माझ्या नावाखाली स्वतःचं नाव, कंपनीतला नंबर. म्हणाले, "अर्ज अर्धवट नको."
इर्शादभाईंची सही दुपारी घेतली. लेबल जोडलं. स्पीड पोस्ट.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस
लेबलच्या जागी ह्या वहीत डिंकाचा डाग आणि थोडं कुंकू. उत्तर आलेलं नाही. साहेबांचा कागद सहीशिवाय ह्यांच्या खिशात. सेट अजून तांदळाच्या डब्यात. तपासायला येतील त्यांच्याच हातात देईन.
ह्यांना निघताना मी विचारलं, "आत नाही घेतलं तर?"
"गेटबाहेर बसून डबा खाईन. तिथे उदबत्तीसुद्धा चालते."
डबा पूर्ण दिला. गवारीची भाजी, चार पोळ्या. इर्शादभाईंसाठी दोन जास्त.