साडेचार इंच

सर, तुमची खोली मी मोजली. परळच्या चाळीतली, तिसऱ्या मजल्यावरची, जिच्या दारात उभे राहून तुम्ही आम्हाला तपासलेल्या वह्या परत द्यायचात. चाळ पाडून टॉवर बांधणार आहेत आणि आज ज्याची जेवढी जागा, त्याच मापाने त्याला नवी मिळणार. मोजणीचं काम आमच्या कंपनीकडे आलं आणि कंपनीने मला पाठवलं. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. तुम्ही नाही आहात ते बरंच, असं या आठवड्यात पहिल्यांदा वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली.

हल्ली जमीन मोजायची साखळी नाही, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नाही. मोबाइलहून लहान असं लेझरचं यंत्र असतं. त्याची पाठ एका भिंतीला टेकवायची, बटण दाबायचं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि आकडा येतो. दोन दिवसांत बेचाळीस खोल्या उरकल्या. पहिल्या मजल्यावरच्या एका आजोबांनी अडवलं होतं. "बाई, आमची खोली एवढी लहान नाय हां. परत बघा जरा." मी घाईत होते. "आजोबा, मशीन खोटं बोलत नाही," असं म्हणून पुढच्या दारात गेलेसुद्धा. तो माझा आवाज, त्यातला तो तोरा आठवला की कानाखाली वाजवावीशी वाटते, माझ्याच.

तुमची खोली शेवटची होती. काकूंनी मला ओळखलं, हात धरून आत नेलं. मी आकडा वाचला तशी त्यांनी दार अर्धं लोटलं आणि त्याची मागची बाजू दाखवली. तुमच्या अक्षरात, पेन्सिलीने, दहा बाय पंधरा. "लगीन झाल्यार ह्यांनी पयली खोली मोजल्यानी," काकू म्हणाल्या. गिलावा चढून खोली लहान झाली असेल, असं मी सांगत होते, तोवर त्यांनी ट्रंकेतून तुमची स्टीलची टेप काढलीही. मोरीच्या कडेला उकिडव्या बसल्या आणि शून्याचं टोक भिंतीला घट्ट दाबून धरलं. टेपवर चोख दहा, चोख पंधरा.

मग मी यंत्र नीट पाहिलं. माप त्याच्या पाठीपासून धरायला हवं, ते तोंडापासून धरलं जात होतं. आधीच्या कामावर कुणीतरी तसं बदलून ठेवलेलं. म्हणजे प्रत्येक लांबी आणि प्रत्येक रुंदी त्या यंत्राच्या लांबीएवढी कमी, साडेचार इंच. तुमच्या खोलीत त्याचे नऊ चौरस फूट होतात. तीन बाय तीन. काकू बसल्या होत्या ती अख्खी मोरी. कामाला लागण्याआधी यंत्र ओळखीच्या लांबीवर तपासायचं, हे तुम्ही पहिल्याच तासाला शिकवलं होतं.

आणि मला दादरचं ते मैदान आठवतं. भर दुपार आहे, मैदानाला फेरी मारून मापं घेतली आहेत, आणि कागदावर शेवटची रेघ पहिल्या खुंटीला येऊन मिळत नाहीये. मी ती गुपचूप जराशी सरकवून मिळवते. तुम्ही कागद उन्हात धरता. "काय गं, ही रेघ मैदानाची की तुझी? सगळी चूक एकीत कोंबलीस. बाकीच्या खऱ्या आहेत कशावरून? चल, परत मोज." मी रडत रडत परत मोजते. नंतर तुम्ही उसाचा रस पाजलात.

सर, मी यादीत तुमच्या खोलीचं माप दुरुस्त केलं. दहा बाय पंधरा. बाकीच्या एकेचाळीस तशाच ठेवल्या. लोअर परळच्या काचेच्या ऑफिसात साहेबांना सांगितलं, तर ते हसले. "मॅडम, कमी आलंय ना, जास्त तर नाही? मग कोण ओरडणार?" यादी चाळीच्या फळ्यावर लागली. परवा काकूंचा फोन आला. "सगळ्यांनी सह्या केल्यानी गो. मी सांगलंय, मोजणारी ह्यांचीच विद्यार्थिनी, बिनघोर सही करा." पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनीही केली. मी फोनवर "हो काकू, हो काकू" करत राहिले. शिसारी येते मला त्या हो-होची.

हे पत्र तुमच्या पत्त्यावर टाकता आलं असतं, दारावर पाटी अजून तुमचीच आहे. पण ते काकू वाचतील, म्हणून टाकत नाही. एक मात्र सांगायचं राहिलं. मी साहेबांना घाबरले, नोकरी जाईल म्हणून घाबरले, असं समजून तुम्ही मला माफ कराल, म्हणून सांगते. हसून झाल्यावर साहेब म्हणाले होते, "तुम्हाला परत मोजायचं असेल तर मोजा, घ्या दोन दिवस." मला ते जिने परत चढायचा कंटाळा आला.