जाझगुलच्या नावाची बरणी

मी, बुरुल असानकुलोवा, निवृत्त प्राणिशास्त्रज्ञ, राहणार काराकोल, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे.

१. राहते घर धाकटा भाऊ सादिर याला मिळावे. दर जेवणावळीत चारचौघांत "काय गं, बेडकांची बारशी उरकली का?" असे विचारून त्याने मला जन्मभर छळले. पण मी आजारी पडले तेव्हा सूप घेऊन तोच धावत आला. अट एकच, परसातला पाट बुजवू नये. त्यात भेक, म्हणजे खरखरीत कातडीचे बेडूक, राहतात. बुजवल्यास घर गावच्या शाळेला जाईल.

२. सूक्ष्मदर्शक आणि गमबूट माझी शिष्या चोल्पोन हिला द्यावेत. बूट तिला मोठे होतील, मोजे घालावेत.

३. नारिनजवळच्या ओढ्याकाठी माझी नऊ वर्षांची जाझगुल म्हणाली होती, "आई, हा भेक वेगळाच ओरडतोय." त्याच हिवाळ्यात न्यूमोनियाने ती गेली. तो भेक मी नवी प्रजाती म्हणून नोंदवला आणि त्याला तिचे नाव दिले. पोर गेली, नाव पुस्तकांत राहिले. त्या आधारावर मी जगले.

आता चोल्पोनने गुणसूत्रे तपासली आहेत. प्रजाती नवी नाही, फार पूर्वीच दुसऱ्या कोणी नाव दिलेली तीच आहे. आमच्या शास्त्रात आधीचे नाव खरे धरतात. तिने लेख लिहिलाय, पण छापायला देत नाही.

"एजे, राहू दे ना," ती मला थोरल्या बहिणीसारखी एजे म्हणते. "बेडकांना कसली घाई?"

"बेडकांना नाही गं. पण तुझी बढती अडलीय ना त्यावर?"

ती रडू लागली, मग मीही रडले.

म्हणून लिहून ठेवते, की लेख लगेच छापावा. मी असताना तिला धीर झाला नाही, तर मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी घालतात त्या जेवणाआधी छापावा. तिचे काम बिनचूक आहे.

४. ज्या भेकावरून ती प्रजाती नोंदवली, त्या मूळ नमुन्याची बरणी मी नोकरी केली त्या संस्थेची आहे, ती मला कोणाला देता येत नाही. फक्त विनंती करते. बरणीत खऱ्या नावाची नवी चिठ्ठी टाकताना माझी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी काढू नये. आम्हा प्राणिशास्त्रज्ञांत रिवाजच आहे, नाव चुकले तरी चिठ्ठी फेकत नाहीत, ती नवीच्या शेजारी राहते. माझ्या लेकीला तिथून उठवू नका.

चोल्पोनला यातून लाभ असल्याने साक्षीदार म्हणून तिची सही घेतलेली नाही. ती आत चहा करते आहे.

सही: बुरुल असानकुलोवा
साक्षीदार: १. एर्मेक तुरदुबायेव, शेजारी
२. डॉ. पेरिझात ओमुरोवा
काराकोल, ११ एप्रिल २०१९