दोर कोणी धरायचा

निडी, १४ ऑक्टोबर १९९८

ती. काळूदादास,

हौसाचा शि. सा. न. वि. वि. मूर्तींच्या रंगाच्या वासाने धरलेला तुझा खोकला कमी झाला का? वैनीला सांग, काढा देत जा.

आता तुला राग येईल असं लिहिते. आबांनी आपल्या दोघांच्या नावाने लावलेल्या आंब्यांपैकी माझ्या झाडाची मधली फांदी पंचवीस तारखेला छाटणार हाय. झाड एवढं उंच गेलंय की फळ सगळं शेंड्याला, आत ऊन नाय. शेतीखात्याचा साहेब तीन वर्षं हेच सांगतोय, पण एकट्याने करवत लावायची छाती कुणाची? गाव हसेल म्हणून सगळे गप्प. आता अकरा घरांनी मंडळ केलं, एकदमच सगळी झाडं छाटायची. हसायला उरलंच कोण?

आमचा एकच कायदा. ज्याचं झाड, त्याने करवत धरायची नाय. करवत शेजाऱ्याची, मालकाने खाली दोर धरून फांदी अलगद सोडायची. आपल्या झाडावर आपला हात चालत नाय, हे शेजारच्या सगुणाकाकीने ओळखलं.

तुझी हौसा

हमरापूर, १९ ऑक्टोबर १९९८

चि. हौसास आशीर्वाद.

आबांनी घागरीने पाणी घालून वाढवलेल्या झाडाला करवत? मंडळ झालं म्हणजे अक्कल गहाण टाकलीस का गो? बावीस वर्षं तुझा गणपती मी स्वतः रंगवून देतोय. फांदी तोडलीस तर मूर्ती विसर. आणि माझ्या झाडाकडे बघायचंही नाय.

काळुराम

निडी, २६ ऑक्टोबर १९९८

ती. दादास सा. न.

छाटली. सगुणाकाकी वर करवतीला, मी खाली दोराला. फांदी सुटली तेव्हा तळहात सोलले, रडूही आलं. खोटं कशाला लिहू? काकीने कापल्या जागी चुना-मोरचुदाचा लेप दिला.

मूर्ती नको देऊस. पाटावर सुपारी मांडीन, पण मंडळ सोडणार नाय. आबा काय तुझे एकट्याचेच होते? तुझ्या झाडाला कुणी बोट लावलं नाय. दोर धरायला मालक लागतो.

राग ठेव हवा तेवढा, माया तेवढी काढू नकोस.

हौसा

निडी, ६ मे २००२

ती. दादास सा. न.

तीन गणपती सुपारीवर झाले, माझं काय अडलं नाय. मंडळातल्या महिपतीच्या हाती आंब्याची पेटी पाठवतेय. जमिनीवर उभं राहून काठीला जाळी लावलेल्या झेल्याने काढलेत, देठ ठेवून. तुझ्या झाडाचे नेहमीसारखे वरून पडून फुटले. डागी फळ निघालं तर कळव.

हौसा

हमरापूर, १२ मे २००२

चि. हौसास अनेक आशीर्वाद.

डागी फळ मुद्दाम शोधलं, सापडलं नाय. वैनी हसली.

तीन वर्षं तुझी मूर्ती रंगवत होतोच, माळ्यावर ठेवून देत होतो. यंदाची घेऊन मी स्वतः येतो. सुपारी आता खाऊन टाक.

पावसाळा सरला की मंडळाचा छाटणीचा दिवस कळव. दोर मी धरीन. पण करवत दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस, तूच धर.

तुझा दादा