शनिवारचा सौना

प्रिय साइमी,

तू समोरच्याच इमारतीत आहेस, चाळीस पावलांवर, आणि मी वृद्धाश्रमाच्या आवारातल्या आपल्या बैठ्या घरात बसून तुला पत्र लिहितोय. ते तुझ्या हातात पडणार नाही. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहितोय.

सौनाच्या गरम वाफेच्या खोलीत घसरून तुझा खुबा मोडला आणि तुला तिकडे शुश्रूषा विभागात हलवलं, तेव्हा नर्सने विचारलं होतं, "ओइवा, साइमीला शनिवारी सौनात न्यायचं ना? चाकाची खुर्ची आहे, आम्ही दोघी धरू." तुझं ते पडणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मी फॉर्मवर 'नको' लिहिलं. तुला विचारलंही नाही. साठ वर्षांत एकही शनिवार न चुकवलेल्या बाईला!

तेव्हापासून तू रोज विचारतेस, "आज शनिवार का रे?" आणि मी ठोकून देतो, "नाही गं, मंगळवार." तुला वारांचं भान राहत नाही, त्याचा मी फायदा घेतला.

आज शनिवार. दुपारी सौनात पुरुषांची वेळ होती. मी मात्र गेलो. वरच्या फळीवर बसून तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं, रिवाजाप्रमाणे बर्च झाडाच्या पानांसकट डहाळ्यांनी पाठ झोडपून घेतली आणि तसाच तुझ्याकडे कॉफीला आलो. तू वार विचारलास. मी म्हणालो, "मंगळवार."

तू माझ्या ओल्या केसांतून हात फिरवलास. बोटाला चिकटून आलेलं बर्चचं पान बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "असू दे. पुढच्या मंगळवारी मलाही ने."

तुझाच, अजून चाळीस पावलांवर,
ओइवा