शहिदांच्या दगडावर तुमचं नाव

प्रिय आप्पा,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा एकाच घरात राहून काय लिहायचं? पण परवा सकाळी गावात स्मारकाचं उद्घाटन आहे आणि चार दिवस झाले, मला एका जागी बसवत नाही. पिरंगुटला कंपनीत पॅकिंगच्या टेबलावर दोनदा भलतंच लेबल लावलं. सुपरवायझर म्हणाली, "सुमनताई, लक्ष कुटं हाय तुमचं?" काय सांगू तिला? की माझा बाप दोन वर्षांपूर्वी घरात खाटेवर, आईच्या हातचा दूधभात खाऊन गेला, आणि गावाने त्याला एकाहत्तरच्या लढाईत शहीद करून टाकलाय?

हो आप्पा! काळ्याभोर दगडावर सोनेरी अक्षरांत तुमचं नाव आहे. तिसरं.

ही नावं कुठल्या यादीतून उतरवली, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. शाळेच्या भिंतीवरची.

तुम्ही बेपत्ता असल्याची तार आली होती. मग पलटणीतला कोणी सुट्टीवर आला आणि म्हणाला, मी त्याला पडताना पाहिला. कैद्यांच्या यादीत तुमचं नाव नाही. आजोबांनी तरी किती वाट बघावी? दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. दहाव्याला कावळा शिवेना. आई ओरडून सांगत होती, "माणूस जित्ता हाय, म्हनून शिवंना!" कुणी ऐकलं नाही. तिच्या बांगड्या फोडल्या आणि मास्तरांनी शाळेच्या भिंतीवर तुमचं नाव रंगवलं.

आणि पुढच्या थंडीत तुम्ही पाकिस्तानच्या कैदेतून सुटून पौडच्या रस्त्याने लंगडत आलात! आता ज्याचे दिवस घातले त्याला घरात घ्यायचं कसं? भटजींनी तोड सांगितली, की अशा माणसाने पुन्हा जन्म घ्यायचा. मग तुम्हाला, सव्वीस वर्षांच्या मिशाळ शिपायाला, न्हाऊ घालून बारशाला तुमच्या आत्याच्या पुढ्यात बसवलं. आत्याने कानात तेच जुनं नाव सांगितलं, बायकांनी पाठीत धपाटे घातले. "पाकिस्तान्यांनी येवढं मारलं न्हाई," असं तुम्ही दर वेळी सांगायचात आणि आम्ही दर वेळी हसायचो. दुसऱ्या दिवशी आईशी पुन्हा लग्न. सगळं पुन्हा झालं, भिंतीवरचं नाव पुसायचं तेवढं राहिलं, कारण तेव्हा रंगाचा डबासुद्धा मिळत नव्हता म्हणे.

लढाई जिंकलेल्या देशात होतं काय तेव्हा? रॉकेलची रांग, रेशनची लाल मिलो ज्वारी आणि वर दुष्काळ. आजी विचारायची, "लढाई आपुन जिकली ना? मंग साकर कुटं गेली?" तुमच्या पायात गोळी गेलेली, पलटणीने घरी पाठवलं. पुण्याला जाऊन नोकरीसाठी नाव नोंदवलंत, तर तिथे तुमच्यासारख्यांची हीऽ गर्दी. शेवटी दुष्काळी कामावर खडी फोडायला बसलात. "कैदेत दगड फोडायला लावले न्हाईत, ते हितं घरी येऊन फोडतुया," हेही हसतच सांगायचात. पारावर मात्र कुणी ना कुणी बोलायचंच, "धरला गेला म्हंजी हात वर केलं असतील." ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत, मला आईकडून कळलं.

पुढे रंग मिळायला लागला आणि मास्तर नाव पुसायला निघाले, तर तुम्हीच त्यांना अडवलंत. "राहू द्या मास्तर. त्यो भिंतीवरचा गावाला आवडतुया. मला कुटं काम मिळतंय का तेवढं बघा."

असं कसं म्हणालात हो? रंगाचा एक हात मारू दिला असतात तर आज माझ्यावर ही वेळ आली नसती! रागावू नका, पण तुमची ही सोसायची सवय आम्हाला फार महागात पडली.

पण मी कुठल्या तोंडाने तुम्हाला बोलते? माझंच एक आहे. आयुष्यभर जिभेवर आलं आणि गिळलं.

मी सातवीत होते. तुम्ही पिरंगुटच्या कारखान्यात फाटकावर वॉचमन होतात, प्रत्येक गाडीला सलाम ठोकायचात. पोरी माझ्यासमोर त्याची नक्कल करायच्या. तेवढ्यात शाळेत नव्या बाई आल्या. भिंतीवरचं नाव वाचून त्यांनी वर्गात विचारलं, "हे तुझे कोण गं?" मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझे वडील. लढाईत गेले." बाईंनी सगळ्या वर्गाला माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. बाई गणिताच्या, पण एकाहत्तरला गेलेल्या माणसाला चौऱ्याहत्तरला मुलगी कशी झाली, हे गणित काही त्यांनी केलं नाही. पोरीही गप्प राहिल्या, का ते अजून कळलेलं नाही.

तुम्ही तेव्हा दारात होतात. मी विसरलेला डबा घेऊन आला होतात. डबा खिडकीत ठेवलात आणि गेलात. घरी आल्यावर विचारलंत, "भाजी गार झाली न्हवती न्हवं?" बस, एवढंच! एक थोबाडीत मारली असतीत तर बरं झालं असतं, आप्पा.

म्हणून ही बेचैनी. तेव्हाचं माझं खोटं आता दगडात कोरलंय आणि वर मलाच शाल-नारळ द्यायचं ठरलंय, वीरकन्या म्हणून! खरं सांगते, सरपंच आमंत्रण घेऊन आला तेव्हा घटकाभर मलाही बरं वाटलं. ज्यांनी तुमच्या सलामाची नक्कल केली त्याच पोरी आता आज्या होऊन समोर बसणार होत्या. मग रात्रभर स्वतःचीच लाज वाटली.

काल आईला घेऊन सरपंचाकडे गेले. पोरगा वाईट नाही, जमिनीचे व्यवहार करतो. म्हणाला, "ताई, ग्रानाइट हाय, एक नाव खोडलं तर समदा दगूड वाया. आन शेजारच्या गावाचे तीन हायेत, आपलं दोनच ऱ्हात्यात." मी म्हणाले, "अरे, तू लहान असताना त्यांच्या सायकलवर बसून शाळेत जायचास!" तो खाली बघत म्हणाला, "व्हय. पर शहीद म्हनल्यावर मान वाढतुया त्यांचा. त्यात वाईट काय?"

 उत्तर आईने दिलं. ती त्याच्या ओट्यावर बसली होती, आम्हाला वाटलं तिला ऐकू येत नाही. काठी आपटून म्हणाली, "मी येकाच माणसाशी दोनदा लगीन केलंय. पयल्या लग्नाला आठ म्हयनं झालं आन लढाई लागली. पन्नास वर्सं नांदले ती दुसऱ्या लग्नात. ती काय दगडाखाली घालतुयास व्हय रं?"

सरपंच उठून आईच्या पाया पडला. दगड बदलतो असं मात्र म्हणाला नाही.

आप्पा, देशासाठी जीव देणाऱ्यांना दगड मिळतो. मिळायलाच हवा, त्या दोघांची नावं मी डोक्यावर घेईन. पण पाय लंगडा करून परत येऊन, टोमणे गिळून, खडी फोडून, फाटक राखून घर उभं करणाऱ्याला काय मिळतं? त्याला निदान जिवंत तरी म्हणावं की नाही?

तर परवा मी आईला हाताला धरून स्टेजवर चढणार आहे. शाल घेणार नाही. माईक मागेन, नाही दिला तर मोठ्याने बोलेन. कंपनीत लेथच्या आवाजात बोलून बोलून गळा चांगला तयार झालाय. सांगेन, की हा माणूस मेला नव्हता, धरला गेला होता, परत आला आणि पन्नास वर्षं या गावात राहिला. आणि सातवीतल्या त्या दिवशी वर्गात उभी राहून मी काय बोलले, तेही सांगेन. हसू देत, थुंकू देत. तुमचं नाव त्या दगडावरून उतरेपर्यंत मी ग्रामपंचायतीच्या पायरीवरून उठणार नाही. हा शब्द आहे माझा.

तुम्ही परत आलात म्हणून झालेली,
तुमची सुमन