मुलाण्याचं घर वगळून

कोळवण खोरं, नोव्हेंबर २००७

प्रिय जुईबाई न्यूजर्सीकर,

ईमेलच्या जमान्यात ही शिरीन पत्र काय लिहीत बसलीय, म्हणून हसशील. हस बापडी. गावात इंटरनेट आहे ते एकट्या ग्रामपंचायतीत. तो कॉम्प्युटर बंगलेवाल्या कंपनीने भेट दिलेला आणि त्याच्यासमोरची खुर्ची सरपंचांची, म्हणजे तुझ्या वडिलांची. दादासाहेबांच्या शेजारी बसून मी तुला मनातलं काय लिहिणार? आठवण मात्र रोज येते गं. मशीनवर ब्लाउज शिवायला बसले की आपण दोघींनी तुझ्या आईची चांगली साडी कापून शिवलेले परकर आठवतात. आशालताकाकूने मारायचं सोडून ते परकर गल्लीभर मिरवून दाखवले होते.

गावाचं भात झोडून झालंय, आमची मजुरीही संपली. अब्बांचा गुडघा दुखतो, पण कुणाचं ऐकतील तर शपथ! कंपनीची वेबसाइट बघून तू दादासाहेबांना 'आपलं गाव किती देखणं दिसतंय' असं कळवलंस म्हणे. ते इतके खूश झाले की त्यांनी अख्ख्या गावाला पंचायतीत बोलावून ती दाखवली. तिथेच घोटाळा झाला. माणसं आधी हरखली, मग भैरूतात्या पडद्याला नाक लावून म्हणाला, "आरं, ह्यो तर आपल्या गायरानातला उंबर हाय!" उंबराखाली निळाशार पोहण्याचा तलाव आणि भोवती बंगले, विक्रीलाही काढलेले. जुई, आमच्यासारख्या बिनजमिनीच्या घरांची शेळ्या-गुरं त्या गायरानावरच जगतात. ते द्यायचा ठराव पंचायतीत अजून झालेलासुद्धा नाही. तो निवडणुकीनंतर, नव्या सरपंचाच्या सहीने व्हायचाय.

सरपंचपद यंदा बाईसाठी राखीव आहे, म्हणून दादासाहेबांनी काकूला आपल्याच वॉर्डातून उभं केलंय. सही काकूची, हात त्यांचा. त्यांच्या दारात नवी पांढरी गाडी उभी आहे, ती कुणी दिली हे विचारायचं नाही. निवडणूक बिनविरोध झाली तर कंपनी भैरोबाला सभामंडप बांधून देणार. मग काय, देवळात बैठक बसली. घराघरातल्या कर्त्या माणसाने बेलभंडारा उचलून शपथ घेतली की आमच्या घरातून कुणी विरोधात उभं राहणार नाही. देवाच्या शपथेपुढे भैरूतात्याचंही तोंड बंद झालं.

अब्बाही गेले होते. पायरीशी थांबले, तर दादासाहेब स्वतः उठून आले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "मोहिद्दीनभाई, तुमाला कशाला बेलभंडारा? तुमी तर घरचंच हायेत." हातावर खोबरं ठेवून त्यांना परत पाठवलं. अब्बा खोबरं चावत घरी आले आणि मला सांगताना हसायलाच लागले. अख्ख्या गावात शपथेतून मोकळं राहिलेलं घर एकच, आपलं मुलाण्याचं! मी काही हसले नाही. विरोधात उभं राहायला मोकळं असं आता आमचंच घर उरलं होतं आणि समोरची उमेदवार होती काकू. जिच्या ताटात मी लहानपणी जेवले, तिच्याविरुद्ध उभं राहायची माझी छाती होईना.

परवा दुपारी काकू ब्लाउजचं माप द्यायला आली. अर्ज भरायच्या दिवशी नेसायला दादासाहेबांनी नवी पैठणी आणलीय. मी दंडाला टेप लावली, तर तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, "शिरीन, तू हुबी ऱ्हा. मी निवडून आले तर ह्ये माझ्या हातनं गायरान देत्याल. मला न्हाई म्हनता येत न्हाई गं. तू मला पाड." तिचे डोळे भरले, माझेही. माप चुकलं, पुन्हा घ्यावं लागलं.

उद्या मी पौडला अर्ज भरायला जातेय. सूचक म्हणून अब्बा सही करणार आहेत. हे पत्र पोचेपर्यंत तुला दादासाहेबांचा फोन येऊन गेला असेल, मुलाण्याच्या पोरीने तुझ्या आईवर डूख धरला म्हणाले असतील. तू त्यांना काही म्हणू नकोस. शिव्या मी खाईन, पण तुझा गैरसमज मला सोसायचा नाही. हे पत्र तुला लिहायला काकूनेच सांगितलंय. "जुईला तेवढं खरं कळू दे," एवढंच म्हणाली. वाचून झालं की फाडून टाक, तिला त्याच घरात राहायचंय.

तुझीच, आणि काकूचीही,
शिरीन